काळ्यात उभं राहायचं

आमच्या घरात गॅस पेटवायची मला परवानगी नाही. लायटर हातात घेतला की सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतल्या खोलीतूनच ओरडते, "अहो, ठेवा तो खाली. मी आले." कारण असं की मी बटण आधी फिरवतो आणि लायटर नंतर दाबतो. मग भप्पकन आवाज होतो आणि मी मागे उडी मारतो. दुसऱ्या कुणी मारली असती तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण ज्याचा पगार अग्निशमन दलातून येतो त्याने मारलेली उडी घरच्यांना वर्षभर पुरते. माझी मुलगी तर पाहुण्यांना ओळख करून देताना सांगते, "आमचे बाबा बंबावर असतात. आगीपासून लांब."

त्यात खोटं काही नाही. मी बंबाचा चालक आणि यंत्रचालक. गाडी आगीपर्यंत न्यायची, उभी करायची आणि मग तिच्या कुशीतला पंप चालवायचा. पाइपाचं तोंड धरून पुढे जातात ते फायरमन. वर्तमानपत्रात फोटो येतो तो त्यांचा. माझ्या समोर असतात दोन काटे, एक दांडा आणि गाडीचा लाल पत्रा. आग भडकलेली असते तेव्हा निम्म्या वेळा माझी तिच्याकडे पाठच असते.

आमच्या कामात नियम पुष्कळ आहेत. त्यातले बरेच मी विसरलो, पण एक विसरता येत नाही. यंत्रचालकाने पंप सोडायचा नाही. पुढे गेलेले दोघे पाण्याच्या भरवशावर आगीच्या तोंडाशी गेलेले असतात. त्यांच्या हातातलं पाणी नुसतं आग विझवायला नसतं, ती त्यांची ढाल असते. दाब अचानक पडला तर ती ढाल गळून पडते. म्हणून कुणी हाक मारो, शिव्या देवो, गाडीवर दगड मारो, आपण काट्याकडे बघत राहायचं.

लोक विचारतात, सगळ्यात भीती कशाची वाटते? एव्हरशाईन सिटीतल्या इमारतींची? केमिकलच्या गाळ्यांची? मी म्हणतो, गवताची. मग ते हसतात. त्यांना वाटतं काकांनी आणखी एक विनोद केला.

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा दिवाळी असेल आणि बोळिंजपासून राजोडीकडे जाताना दोन्ही बाजूंना गवत छान डुलत असेल. लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. मला ते बघवत नाही. मला फाल्गुन दिसतो. पूर्वी या जमिनीत भात व्हायचं. कापणी झाली की गुरं सोडायचे, उरलेलं गवत कापून तबेल्यांना विकायचे, बांध साफ ठेवायचे. होळीपर्यंत रान बोडकं व्हायचं. आता निम्म्या जमिनी विकल्या गेल्यात. तारेचं कुंपण आणि मालकीची पाटी लागली, पण कसणारं कुणी नाही. गवत कमरेएवढं वाढतं आणि उभ्या उभ्या वाळतं. पाय टाकला की चुरचुरतं. त्यात फाल्गुनातला वारा सुटला की माझी झोप उडते. घरात पंखा जरा जोरात फिरला तरी मी खिडकीतून धूर शोधतो.

गवताच्या आगीला आमच्याकडेही कुणी मान देत नाही. कॉल आला की, "गवत आहे रे, छोटी गाडी पाठवा." पण इमारतीची आग जागेवर असते, तिला पत्ता असतो. गवताची आग चालते. माणसापेक्षा वेगाने चालते आणि मध्येच वळते. बंब शेतात जात नाही, चाकं बांधात अडकतात. पाइप पुरत नाहीत. गाडीतलं पाणी बघता बघता संपतं. मग आम्ही झाडाचे ओले टहाळ तोडून गवत झोडपतो. लाखो रुपयांची गाडी रस्त्यावर उभी आणि पुढे पाच माणसं फांद्या आपटतायत, असं दृश्य असतं. एकदा बाल्कनीतून एका बाईंनी विचारलं होतं, "भाऊ, खरी फायर ब्रिगेड कधी येणार?"

अशा आगीत जीव वाचवायचा एकच मार्ग मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवला. पिवळ्यात थांबायचं नाही, काळ्यात जायचं. जळून गेलेल्या जागी आग परत येत नाही, तिला खायला काही उरलेलं नसतं. माणूस मात्र घाबरला की उलटं करतो. काळं बघून बिचकतो आणि समोरच्या मोकळ्या पिवळ्या गवतात पळत सुटतो. आग मागून येते.

हे मी घरी इतक्या वेळा सांगितलं आहे की मुलांनी त्याची गंमत केली. परीक्षेची भीती वाटते? "काळ्यात जा." सासूबाई येणार आहेत? "बाबा, काळ्यात जा." सुनंदा वाटाणे सोलता सोलता हूं हूं करायची. मला वाटायचं ही ऐकत नाही.

दुसरी एक गोष्टही मी घरी सांगायचो, गवताच्या वखारीची. एका व्यापाऱ्याकडे तबेल्यांसाठी बांधलेल्या गवताच्या गासड्या रचलेल्या होत्या. आग लागली, आम्ही विझवली, वर काळी राख झाली, निघालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉल. परत विझवली. पुन्हा धूर. वरून काळी ठिक्कर, पण काठी खुपसली की आत लालभडक. शेवटी एकेक गासडी फोडून पाणी घालावं लागलं. आणि तो शेठ माझ्याशेजारी उभा राहून म्हणत होता, "जरा हळू मारा ना पाणी, खालचं चांगलं गवत भिजेल." या वाक्यावर घरात सगळे खूप हसायचे. हशा झाला की मी खूश, गोष्ट संपली. वरून काळं ते आतून जिवंत असू शकतं, हे त्या गोष्टीतलं खरं सांगण्यासारखं. ते मी पहिल्या गोष्टीला कधी जोडून दिलं नाही.

आता सासूबाई. आम्ही त्यांना बाय म्हणतो. मी देशावरचा, बोळिंजला फ्लॅट घेऊन राहिलेला. सुनंदा इथल्याच भातशेतीच्या गावची. बायच्या आजूबाजूच्या सगळ्या जमिनी गेल्या, तिने आपला तुकडा ठेवला. चारी बाजूंनी दुसऱ्यांचं कोरडं गवत आणि मध्ये बायचं शेत. पलीकडे पूर्वेला नव्या इमारती. तांदूळ विकत मिळतो, हे सांगून सगळे दमले. बाय म्हणायची, "मिलतो ना. मंग तुमी खा इकतचा."

भात लावायचं तर आधी राब भाजायला लागतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या तुकड्यात रोप वाढवायचं तिथे शेण, टहाळ, पालापाचोळा, पेंढा यांचे थर घालतात, वर थोडी माती पसरतात आणि पावसाच्या कितीतरी आधी ते पेटवतात. तण मरतं, जमीन भाजून निघते. यात खरी हुशारी पेटवण्यात असते. वारा ज्या टोकाकडे जातो त्या टोकाला काडी लावायची. मग आग वाऱ्याच्या विरुद्ध, सरपटत, हळूहळू मागे येते आणि ऊब जमिनीत मुरते. वाऱ्याच्या बाजूने लावली तर वरचा पेंढा भडकतो आणि खालची जमीन कच्ची राहते.

आमच्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई म्हणतात. मग दुपारच्या आधी तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा येतो. म्हणून इथली माणसं पहाटे पश्चिमेच्या टोकाला काडी लावतात आणि खारा वारा यायच्या आत राब विझवून घरी जातात. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय.

मी सांगतोय त्या फाल्गुनातल्या दिवशी सुनंदा राब भाजायला बायच्या मदतीला जाणार होती. पण आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर यायचा होता. तो वेळेवर आलाच नाही. बादल्या, पिंपं मांडून बायका जिन्यात बसलेल्या. मी ड्युटीवर निघालो तेव्हा सुनंदा म्हणाली, "टँकर आला की भरून मग जाते. बाय थांबेल." बाय थांबली. एकटीने राब पेटवायचा नसतो, एवढी शहाणी ती होतीच.

सुनंदा पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. त्या दिवशी मतलई असा सुटला होता की भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखं वाटावं. ठाण्यावर आम्ही पत्र्याच्या सावलीत बसून बनियन पिळत होतो. फाल्गुनात असे काही दिवस येतात, मतलई हटत नाही, खारा वारा आत येऊच शकत नाही. बायने आयुष्यभर असे दिवस बघितले होते. ती म्हणाली असणार, "आज दर्याचा वारा उशिरा येल. लाव काडी." आणि अशा दिवशी खारा वारा येतो तेव्हा दार ढकलून येतो, हेही तिला माहीत होतं. फक्त कधी, ते कुणालाच माहीत नसतं.

कॉल आला, इमारतींच्या मागे गवत पेटलंय. मी गाडी काढली. गाडीत विल्सन होता, आमचा फायरमन, इथल्याच ख्रिस्ती वाडीतला. आमच्या घरी जेवायला आला की सुनंदाला भाजीवरून चिडवणारा. तो म्हणाला, "काका, वारा बघा. झाडं उलटी झुकायला लागली." मी बघितलं. नारळाच्या झावळ्या सकाळी समुद्राकडे होत्या, आता आमच्याकडे वळल्या होत्या. तेव्हाही मला सुनंदा आठवली नाही. माझ्या हिशेबात ती केव्हाच घरी पोचून आंघोळ करून बसलेली होती.

इमारतींच्या मागच्या रस्त्यावर पोचलो तर समोर सगळी भिंतच. पिवळा-काळा धूर, त्याखाली तडतडणारी लाल रेघ, आणि ती आमच्याकडे येत होती. कुंपणाला लागून स्कूटर, त्यापुढे गॅस सिलिंडर ठेवायची जाळी. बरोबर आलेल्या आमच्या साहेबांनी पाइप तिथे लावायला सांगितले. मी पंप सुरू केला, काटा चढला, विल्सन आणि त्याचा जोडीदार पुढे गेले.

इमारतीच्या गेटवर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून उभे होते. बसलेले नव्हते, खुर्चीची पाठ धरून उभे होते. ते आपणहून म्हणाले, "त्या आजींच्या शेतातून सुरू झालं हो. सकाळपासून बघतोय. आज त्यांची लेक पण होती बरोबर."

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. वाजत राहिली. नंतर कळलं, तो फोन बांधावर पिशवीत होता आणि पिशवी जळत होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा रिंगही वाजली नाही.

मी ओरडलो, "साहेब, पलीकडे माझी बायको आहे!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, धुराकडे बघितलं. "दुसरी गाडी वाटेत आहे."

"मी जातो."

"आणि पंप?"

एवढंच विचारलं त्यांनी. रागावून नाही. त्या गाडीवर पंप चालवणारा मी एकटा होतो. विल्सनने मागे वळून ऐकलं होतं. त्याने तोंडावरचं फडकं खाली केलं आणि म्हणाला, "काका, पाणी देत राहा. काकूंना मी बघतो." आणि तो कुंपण ओलांडून आत गेला, मागोमाग पाइप धरून त्याचा जोडीदारही.

त्यानंतरचं मी नीट सांगू शकत नाही, आणि मी सांगू शकत नाही असं माझ्या घरात कुणी मान्य करणार नाही. आता विल्सन पिवळ्यात होता, माझ्या पाण्याच्या आधाराने. एका काट्यावर दाब, दुसऱ्यावर गाडीतलं उरलेलं पाणी. दाब वाढवला तर पाणी लवकर संपणार, कमी केला तर विल्सनच्या पुढ्यातली ढाल पातळ होणार. आमच्या दलाचा पाण्याचा टँकर रहदारीत अडकलेला. दुसरा काटा खाली खाली येत होता आणि मी त्याच्याशी बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही. साहेब नंतर म्हणाले, तुम्ही भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं बोलत होता. थोडं थांब, थोडं थांब, एवढं झालं की बास.

वाऱ्याने एकदा धूर उचलला. अगदी क्षणभर. मला लांब एक काळा चौकोन दिसला, बायचा राब, आणि त्याच्यात दोघी. दोघी नाचत होत्या.

खरंच सांगतो. एकमेकींचे हात धरून, फुगडी घालतात तशा उड्या मारत होत्या. मला वाटलं कपडे पेटले. मग वाटलं धुराने डोकं फिरलं. मी ओरडलो असणार, कारण दुसऱ्या दिवशी घसा बसला होता. पण पाय हलले नाहीत. साहेबांनी पुढे सगळ्यांसमोर माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं. नियमाने मला पंपाशी धरून ठेवलं की भीतीने, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. धूर परत खाली बसला.

टँकर आला तेव्हा काटा तळाला टेकत होता. आणि मग धुरातून विल्सन बाहेर आला, पाठीवर बायला घेऊन. बायच्या हातात टहाळ तोडायचा कोयता तसाच होता. मागून सुनंदा, जोडीदाराच्या खांद्याला धरून, टाचांवर चालत.

झालं होतं ते असं. राब जवळजवळ भाजून झाला होता, तेवढ्यात वारा फिरला. पश्चिमेच्या टोकाचे निखारे उडून पूर्वेच्या गवतात पडले. दोघी तिकडे धावल्या, टहाळांनी झोडपू लागल्या. तेवढ्यात पाठीमागे पश्चिमेच्या बांधावरचंही गवत पेटलं आणि वाऱ्याबरोबर त्यांच्यावर आलं. पुढे आग, मागे आग, बाजूला कमरेएवढं पिवळं गवत. बाय त्या मोकळ्या गवतातून रस्त्याकडे पळायला निघाली होती. सुनंदाने तिचा पदर धरून ओढलं आणि भाजलेल्या राबात नेऊन उभं केलं.

पण राब म्हणजे जळालेलं गवत नव्हे. वर राख, खाली शेण आणि माती तासन्‌तास धुमसत असते. ती गोष्ट माझ्या वखारीच्या विनोदात होती. काळ्याने त्यांना जिवंत ठेवलं आणि खालून भाजलं. म्हणून त्या नाचत होत्या. एक पाय उचलायचा, दुसरा टेकायचा, तो भाजला की पहिला. सुनंदाच्या रबरी चपला वितळून गेल्या. बाय जन्मभर शेतात अनवाणी, तिच्या तळव्यांना जेमतेम चटके बसले.

अँब्युलन्सच्या पायरीवर बसून बाय लेकीचे पाय बघत होती. "फ्लॅटात ऱ्हाऊन तलवे पावासारके जाले पोरीचे," ती म्हणाली आणि मग रडायला लागली.

मी सुनंदाच्या समोर उभा होतो. ती म्हणाली, "काळ्यात उभी राहिले. तुम्ही सांगता तसं."

"हो."

"खालून जळत असतं हे नव्हतं सांगितलंत."

मी तिच्या पायांकडे बघितलं. मग तिने विचारलं, "तुम्ही आत नाही आलात?"

"पंप होता."

"बरं केलंत," ती म्हणाली. "विल्सन मेला असता."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला दिलेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. ते खरं होतं की त्या क्षणी तिने माझ्यावर दया केली, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

पुढचा पावसाळा येईपर्यंत तिला नीट चालता येत नव्हतं. मी स्वयंपाक करायचो. ती पलंगावरून ओरडायची, "आधी लायटर, मग बटण!" आणि घरात एक नवी म्हण रुजली. मी जेवताना मधेच उठलो, टीव्ही सोडून खिडकीशी गेलो, की कुणीतरी म्हणतं, "अहो, पंप सोडू नका." सगळे हसतात. मीही हसतो. काळ्यात जायची गोष्ट आता सुनंदा सांगते, माझ्यापेक्षा चांगली सांगते, फुगडीवर मोठा हशा घेते. दोघी नाचत होत्या इथपर्यंत आली की मी पाणी प्यायला उठतो.

वाटलं होतं बाय आता राब सोडेल. तिने नाही सोडला. पुढच्या फाल्गुनात म्हणाली, "जावयबापू, तुमी येनार का? नायतर मी लावतंय." मी रजा काढली. साहेब म्हणाले, "कशासाठी?" मी म्हटलं, "सासूबाईंना आग लावायला मदत." ठाण्यात ते वाक्य अजून चालतं.

पहाटेच गेलो. आधी चारी बाजूंचं गवत मी आणि विल्सनने कापून लांब केलं, दुसऱ्यांच्या कुंपणात हात घालून. पिंपात पाणी भरून ठेवलं. ओले टहाळ रचले. मतलई मंद होता. बायने काडी लावली आणि मी तिच्या शेजारी उभा राहून सारखा नारळांकडे बघत होतो. झावळ्या हलल्या की मी ओला टहाळ उचलायचो. बाय म्हणाली, "किती भिताव तुमी! सरकारनी कसा घेतला तुमाला?"

राब भाजून झाला. खारा वारा यायला वेळ होता. आम्ही कडेकडेने पाणी मारलं. सुनंदा बांधावर खुर्चीत बसली होती, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट. मधला चौकोन काळा, शांत, वरून अगदी निरुपद्रवी दिसत होता.

मी चपला काढल्या.

"अहो, काय करताय?"

मला फक्त बघायचं होतं. चार पावलं आत गेलो आणि त्या काळ्यात उभा राहिलो. पहिल्यांदा नुसतं उबदार लागलं, आंघोळीच्या पाण्यासारखं. मग ते वर यायला लागलं. मी ठरवून गेलो होतो की त्या जेवढा वेळ उभ्या होत्या तेवढा वेळ उभं राहायचं. एक पाय उचलला. दुसरा उचलला. विल्सन हसायला लागला. मी तिसरी उडी मारली आणि धावत बांधावर येऊन पिंपात पाय बुडवले. डोळ्यांत पाणी आलं होतं. धुराचं होतं, असं मी म्हणालो.

सुनंदाने खुर्चीतून वाकून माझ्या ओल्या तळव्यांकडे बघितलं. मग कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "इतक्यात सोडलात पंप?"